क्लिनिकल टर्मिनॉलॉजीत शिरायचं आहे, नागपूरच्या क्लासला ६० हजार भरू का? (केळापूर, यवतमाळ)

कापूसवेचणी

नमस्कार मंडळी. मी केळापूर तालुक्यातली. बी.एस्सी. झालं आहे, विषय प्राणिशास्त्र. तीन वर्षांपासून एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटर आहे. दर ११ महिन्यांनी नवीन ऑर्डर निघते. मधल्या दिवसांत काम चालूच राहते, पण पुढचं काही ठरलेलं नसते.

माझ्या डोक्यात हा विषय कसा आला ते आधी सांगते. मागच्या पावसाळ्यात मी आठ दिवस सुट्टीवर होते. माझ्या जागी शहरातून आलेला एक मुलगा बसला होता. रात्रपाळीच्या सिस्टरनं रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, "पान लागले, उजवा पाय." आपल्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. त्या मुलाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला वाटलं पान खाऊन त्रास झाला, आणि त्यानं अन्नातून विषबाधा निवडलं. अशा नोंदी एकाहून जास्त निघाल्या. महिनाअखेरीस पोर्टलवर सर्पदंश ६ दिसत होते. मी रजिस्टर हातानं मोजलं तर ११. पुढच्या महिन्याची सापाच्या लसीची मागणी या आकड्यावरून जाते.

त्या दिवसापासून मला झोप नीट लागली नाही. कोणी चुकलं असं म्हणवत नाही. पण एक शब्द हरवला आणि त्यासोबत पाच माणसं हरवली.

शोधता शोधता कळलं की हे शब्द सांभाळायचंच एक काम असते, क्लिनिकल टर्मिनॉलॉजी म्हणतात त्याला. नागपूरच्या एका क्लासमध्ये विचारलं, ते ६० हजार मागून राहिले, "मेडिकल कोडिंग, १०० टक्के नोकरी" म्हणतात. बाबा म्हणाले, कापूस विकून देतो, पण तू आधी नीट विचार. म्हणून इथे विचारते. हा क्लास म्हणजे तेच काम का? गावात राहून सुरुवात होऊ शकते का?

कोडर_नागपूर

ताई, पैसे भरू नका, निदान आत्ता तरी. मी सहा वर्षं हेच काम करतो, त्यामुळे मन लावून लिहितो.

क्लासवाले ज्याला मेडिकल कोडिंग म्हणतात ते बहुतेक अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं काम असते. तिथला रुग्ण, तिथल्या डॉक्टरची टिपणं, तिथला विमा. आपण टिपण वाचायचं आणि निदानाला आयसीडी-१०-सीएमचा, उपचाराला सीपीटीचा कोड लावायचा. अमेरिकेत आयसीडी-१०-सीएम १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झालं आणि तेव्हापासून कोडांची संख्या खूप वाढली, म्हणून माणसं लागू लागली. सीपीटी तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचं आहे.

परीक्षा सीपीसीची, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राची. १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्के लागतात. पुस्तकं सोबत न्यायला मिळतात, म्हणून लोकांना सोपी वाटते. तशी नाही. पास झालात तरी अनुभव नसेल तर प्रमाणपत्रावर अप्रेंटिसचा 'ए' लागतो. क्लासनं "१०० टक्के नोकरी" कशाच्या जोरावर म्हटलं ते लेखी मागा. माझ्या बॅचमधल्या निम्म्या पोरांना सहा महिने कुणी बोलावलं नव्हतं.

काम वाईट नाही, माझं घर त्यावरच चालते. पण तुम्ही जे सांगितलं, पान लागल्याचं, ते या कामात येत नाही. आणि आता साधी टिपणं मशीनच आधी कोडून देते, आम्ही तपासतो. नवख्या माणसाच्या वाट्याला जे सोपं काम यायचं तेच कमी होत चाललं आहे.

आर्वीकर

कापूसवेचणीताई, तुमचा प्रश्न वाचून मी ऑफिसातून घरी आल्यावर जेवायच्या आधी लिहायला बसलो. मूळ आर्वीचा, आता पुण्यात एका हॉस्पिटल सॉफ्टवेअरवर टर्मिनॉलॉजीचं काम करतो. शिक्षण बी.फार्म. या कामात कुणी इंजिनिअर आहे, कुणी आयुर्वेदाची डॉक्टर, एक तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममधून आलेल्या मॅडम आहेत आणि आमच्यात सगळ्यात पक्क्या त्याच आहेत.

दोन कामांतला फरक आधी सांगतो. आयसीडी हे आजारांचं वर्गीकरण आहे. धान्य निवडून पोत्यांत भरतो तसं. प्रत्येक रुग्ण कुठल्या तरी एका पोत्यात गेलाच पाहिजे, म्हणून शेवटी "इतर" नावाचं पोतंही ठेवावं लागते. मोजणीसाठी, मृत्यूच्या आकडेवारीसाठी ते फार चांगलं आहे. पण डॉक्टरला रुग्णासमोर जे म्हणायचं असते ते जसंच्या तसं साठवायला टर्मिनॉलॉजी लागते. त्यातली सगळ्यात मोठी स्नोमेड सीटी. २००२ साली अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांची एक यादी आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची एक यादी एकत्र करून ती झाली. साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत.

एक संकल्पना म्हणजे एक अर्थ. तिला एक क्रमांक. ताप, ३८६६६१००६. त्या क्रमांकाच्या आकड्यांत काही अर्थ लपवलेला नसतो आणि ते मुद्दाम आहे, कारण उद्या वैद्यकशास्त्र बदललं, आजार एका गटातून दुसऱ्या गटात गेला, तरी क्रमांक बदलावा लागू नये. शेवटचा अंक तपासणीचा असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर लगेच पकडता येतो. क्रमांकाखाली एक पूर्ण, नि:संदिग्ध नाव, आणि त्याखाली लोक वापरतात ती नावं, हवी तेवढी. मग नाती. टाइप २ मधुमेह हा मधुमेहाचा प्रकार, मधुमेह हा आणखी कशाचा प्रकार, अशी वर जाणारी साखळी. मधुमेहाचे सगळे रुग्ण मागितले की मशीन त्या साखळीवरून खाली उतरून सगळे प्रकार गोळा करते.

तुमचं "पान लागलं" बसते ते या पर्यायी नावांच्या जागी. एका अर्थाला गावातलं एक नाव जोडायचं. पण नुसतं जोडून भागत नाही. पान लागलं म्हणजे साप चावला, एवढंच कळलं. विष चढलं का, हे कळलं नाही. बिनविषारी साप चावून घाबरून आलेला माणूसही "पान लागलं" म्हणेल, आणि मण्यार चावलेला माणूस कदाचित काहीच म्हणणार नाही, कारण झोपेत चावते, दाताची खूणही दिसत नाही, पहाटे पापण्या जड होतात तेव्हा कळते. आयसीडी-१० मध्ये सापाच्या विषाची बाधा टी ६३.० मध्ये जाते. नुसता दंश तिथे टाकला तर आकडा फुगतो, न टाकावा तर लस कमी येते. मग शोधायचं काय? रजिस्टरमध्ये २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचं काय लिहिलं, पापण्यांचं काय लिहिलं, लस दिली का. हे शोधणं, यासाठी फॉर्ममध्ये जागा ठेवायला लावणं, हे आमचं काम. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्रानं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत सापाच्या विषानं होणारे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. ते निम्मे झाले की नाही हे तुमच्यासारख्यांच्या नोंदीवरूनच कळणार आहे.

आणखी एक उदाहरण आपल्याच भागातलं. "सिकल पॉझिटिव्ह." म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या किती कार्डांवर एवढंच लिहिलेलं असते! सोल्युबिलिटी चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. एएस म्हणजे वाहक, त्याला बहुधा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे आजार. आयसीडीत वाहक डी ५७.३ आणि आजार, वेदनेचा झटका नसताना, डी ५७.१. पुढची पक्कं सांगणारी रक्ततपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, झाली नसेल तर यातलं एकही लिहिता येत नाही, चाचणी पॉझिटिव्ह एवढंच लिहायचं. १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. त्यात एखाद्या मुलीला चुकून आजारी लिहिलं तर तिच्या लग्नापर्यंत ती नोंद पाठ सोडत नाही. मी हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत पाहिलं आहे.

आता खर्चाचं. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सदस्य देश आहे. आपलं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. नोंदणी करून भारतात वापरायला पैसे लागत नाहीत. स्नोमेड इंटरनॅशनलचा पायाभूत ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहे. इंग्रजीत आहे, पण भाषा सरळ आहे. स्नोमेडचा ब्राउझर, म्हणजे शब्द शोधायची वेबसाइट, उघडून शोधायलाही काही लागत नाही. आज रात्रीच उघडा आणि तुमच्या रजिस्टरमधले दहा शब्द शोधा. ६० हजार बाबांजवळच राहू द्या.

वर्धेचा_पोट्टा

आर्वीकर दादांनी मस्त सांगितलं. माझं म्हणणं थोडं वेगळं. मी डेव्हलपर. ताई, तुम्ही आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका, मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. नुसते शब्द जाणणाऱ्याला कंपनीत कमी विचारतात.

देशात २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन सगळीकडे सुरू झालं. ते १४ आकडी आभा क्रमांक, रुग्णाची डिजिटल ओळख, तुम्ही रोज काढून देतच असाल. त्यामागे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कागद जातात ते फायर नावाच्या रचनेत. एचएल-सेव्हन या आरोग्य माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं बनवलेली. निदान एका डब्यात, औषध दुसऱ्या डब्यात, तपासणी तिसऱ्या. निदानाच्या डब्यात स्नोमेड, तपासणीच्या डब्यात लॉइंक, म्हणजे तपासण्यांच्या क्रमांकांची यादी. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे लॉइंकचं ७१८-७. तुमच्या लॅबवाल्याच्या रिपोर्टवर एचबी, हिमो, एचजीबी असं काय काय येते ते सगळं या एका नंबराला बांधायचं.

सरावासाठी बाहमनी हे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर पहा. ओपन सोर्स आहे, पैसे नाही. बिलासपूरजवळ गनियारीला जे ग्रामीण रुग्णालय आहे, त्यांच्यासाठी पहिल्यांदा बनलं. म्हणजे आपल्यासारख्याच भागासाठी, लाइट जाणाऱ्या, नेट तुटणाऱ्या. जुन्या लॅपटॉपवर चालवायला जरा जड जाते, पण ऑनलाइन डेमो आहे.

आर्वीकर

पोट्ट्या, एसक्यूएल शिकाच, त्यावर वाद नाही. पण क्रम उलटा नको. आमच्याकडे पायथन येणारे दहा अर्ज येतात. "पान लागलं" पाहून थांबणारा एक येत नाही. ताईंना जे येते ते शिकवायला मला दोन वर्षं लागतात, एसक्यूएल तीन महिन्यांत होते.

धारणीची_सिस्टर

मी मेळघाटात स्टाफ नर्स, जीएनएम. नोकरीला १४ वर्षं झाली. हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे बाळाला पाहायला कुणी आणलं आणि पोटावर चटक्याचे डाग दिसले की आम्ही समजतो डम्मा दिला. पोट फुगलं की तापल्या सळईनं चटके देतात, गावातल्या जाणत्याकडून. नवीन डॉक्टर येतात, ते लिहितात "भाजले". म्हणजे चुलीवर पडलेलं बाळ आणि डम्मा दिलेलं बाळ एकाच रकान्यात. पण माझ्या दृष्टीनं ही दोन वेगळी बाळं आहेत हो. डम्म्याच्या बाळाचं पोट आधी का फुगलं होतं ते शोधावं लागते, आणि त्या आईशी वेगळं बोलावं लागते. रागावून चालत नाही. रागावलं की पुढचं बाळ ती आणतच नाही.

कोरकू मायला काय होते ते ती तिच्या बोलीत सांगते, आशाताई मराठीत सांगते, मी अर्धं इंग्रजीत लिहिते, ऑपरेटर पोर्टलवर भरतो. चार हात. दरवेळी थोडं सांडते.

माझा प्रश्न, नर्सला या कामात जागा आहे का? गुडघे दुखतात आता, रात्रपाळी किती वर्षं होईल माहीत नाही.

आर्वीकर

सिस्टर, आहे. नर्सिंगची नोंद हा तर वेगळा आणि मोठा भाग आहे, आणि तो वॉर्डात उभं न राहिलेल्या माणसाला जमत नाही. डम्म्याचं तुम्ही लिहिलं तसंच्या तसं एका पानावर लिहून ठेवा: काय दिसते, आधी काय झालेलं असते, भाजण्यापेक्षा वेगळं का. नवीन संकल्पना मागायची झाली तर राष्ट्रीय केंद्राकडे असंच पटवून द्यावं लागते.

पीएसएमवाला_डॉक्टर

मी विदर्भातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन शिकवतो. दोन गोष्टी सांगण्यासाठी लॉगिन केलं.

पहिली. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो भरती झाले. कपाशी माणसाच्या डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. आता कोडिंगच्या नजरेनं पहा. ऑर्गनोफॉस्फेट (ओपी) या कीटकनाशकांच्या गटाची बाधा म्हणजे टी ६०.०. फवारताना झाली तरी तोच, प्यायली तरी तोच. फरक दुसऱ्या कोडात आहे. अपघातानं झाली तर एक्स ४८, स्वतःहून घेतली तर एक्स ६८, ठरवता येत नसेल तर वाय १८. केसपेपरवर नुसतं "ओपी पॉयझनिंग" लिहिलेलं असते. दुसरा कोड कोण लावणार? घाईत माणूस गृहीत धरतो की विदर्भातला शेतकरी, विष, म्हणजे आत्महत्याच. त्या एका गृहीतानं फवारणीत गेलेला माणूस आत्महत्येच्या रकान्यात जातो. घरच्यांच्या कपाळी ते कायमचं येते, आणि औषधाची बाटली, पंप, हातमोजे, याबद्दल कुणी विचारतच नाही. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, कपड्यांना वास होता का, तोंडाला होता का, शेतातून आणलं की घरातून, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहा. उत्तर नसेल तर वाय १८ लावा. ठाऊक नसलेलं ठाऊक असल्यासारखं लिहू नका.

मृत्यूच्या दाखल्याचंही असंच. फॉर्म ४ दवाखान्यातल्या मृत्यूसाठी, ४ए बाहेरच्या. त्यात कारणांची साखळी लिहायची असते, वर तात्काळ कारण, खाली मूळ कारण. निम्म्या दाखल्यांवर मला "कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट" एवढंच दिसते. हृदय थांबणं हा मरणाचा प्रकार झाला, कारण नव्हे. ताई, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विचारू लागलात, "सर, याच्या खालची ओळ?" तर तेवढ्यानंही फार होईल.

दुसरी गोष्ट, ही कळकळीनं सांगतो. शब्दांची यादी करताना रजिस्टरचे फोटो काढू नका. मोबाईलमध्ये तर मुळीच नाही. रुग्णाचं नाव, गाव, वय, काहीच बाहेर यायला नको. लहान गावात "४० वर्षांची बाई, पांढरं जाणे" एवढ्यावरून बाई ओळखू येते. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. वहीत फक्त शब्द लिहा आणि आधी अधीक्षकांची परवानगी घ्या.

कापूसवेचणी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, फवारणीचं वाचून गप्प झाले. २०१७ ला आमच्या बाजूच्या वाडीतला एक जण गेला. त्याच्या बायकोला लोक अजून "त्यानं घेतलं" म्हणतात. त्यानं घेतलं नव्हतं.

क्लासला नाही सांगितलं.

कापूसवेचणी

दोन महिन्यांनी लिहिते.

पायाभूत अभ्यासक्रम मोबाईलवर पूर्ण केला. रात्री नऊनंतर छतावर रेंज येते, तिथे बसून. पहिले दोन आठवडे काही कळत नव्हतं, मग नात्यांचा भाग आला आणि एकदम उजेड पडला. एसक्यूएल सुरू आहे, पोट्टेदादा, जोडणीपर्यंत आले.

अधीक्षक मॅडमना परवानगी मागितली. त्या आधी "कशाला" म्हणाल्या, मग ६ आणि ११ चा आकडा दाखवला. आता वहीत १४० शब्द झाले आहेत. अंगावरून पांढरं जाणे, पोटात मुरडा, हातपाय गळणे, आकडी, हिव भरणे, डब्बा (लहान लेकराची छाती उडते तेव्हा म्हणतात). सर्पदंशाचं पान नोंदणीच्या टेबलाजवळ भिंतीवर लावलं: पान लागलं म्हणजे काय, आणि सिस्टरला कोणत्या तीन गोष्टी विचारायच्या. त्या शहरातल्या मुलानंच ते सुबक अक्षरात लिहून दिलं.

पण एका शब्दावर अडले. "जीव घाबरते." मी ब्राउझरमध्ये धडधड शोधलं, अस्वस्थता शोधलं, मळमळ शोधलं. तिन्ही बसतात. कोणता क्रमांक लावू?

आर्वीकर

एकही नको. इथेच नवखा माणूस चुकतो आणि जुनाही चुकतो. आपण शब्द पाहून अर्थ ठरवायचा नाही, अर्थ रुग्णाजवळ आहे. मळमळ लावलीत आणि त्याला हृदयविकाराचा झटका येत असेल तर? वहीत या शब्दासमोर "अनेक अर्थ, विचारल्याशिवाय जोडू नये" असं लिहा. काय विचारायचं ते सिस्टर सांगतील.

धारणीची_सिस्टर

मी अशी विचारते. आधी म्हणते, हात ठेवून दाखव कुठे घाबरते. छातीवर ठेवला तर धडधड का दाबल्यासारखं, घाम फुटला का, हात-जबडा दुखते का. घाम असेल तर पुढचं विचारत बसत नाही, ईसीजी. पोटावर ठेवला तर ओकारी आली का, काय खाल्लं. आणि हात कुठेच ठेवला नाही, नुसती पाहत राहिली, तर बाकीच्यांना बाहेर पाठवते आणि घरी काय चाललं ते विचारते.

कापूसवेचणी

सिस्टर, हे भिंतीवरच्या दुसऱ्या पानावर लावू का? तुमचं नाव न घालता.

धारणीची_सिस्टर

लाव ना बाई. फक्त घामाची ओळ मोठ्या अक्षरात लिही.